ताप लपवून धावणारी आपली मुले

पहाटे पाचला वस्तीबाहेरच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. कुणाला पोलिसात जायचे आहे, कुणाला सैन्यात. बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, पण वर्दीची ओढ आपल्या घरांत त्याच्याही आधीपासून आहे. मुलगा भरतीला लागला की आई अंड्याचा, दुधाचा खर्च काढते, बाप बूट घेऊन देतो. तो पुढे कसल्या खोलीत, किती जणांत झोपणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

नवे जवान पहिल्या काही आठवड्यांत खोकला-तापाने आजारी पडतात, हे जगभरच्या सैन्यांत दिसते. वेगवेगळ्या गावांची मुले एका बराकीत येतात, प्रत्येक जण आपल्याकडचे जंतू बरोबर आणतो. खाटेला खाट लागलेली, झोप अपुरी, दिवसभर मेहनत. यात मुलगा कच्चा असण्याचा काही संबंध नाही. तगडी मुलेच निवडलेली असतात ना!

अमेरिकेच्या सैन्यात या तापाचे मोठे कारण अॅडिनोव्हायरस नावाचा विषाणू होते. त्याच्या ४ आणि ७ या प्रकारांवर गिळायच्या गोळ्यांच्या रूपात लस निघाली आणि १९७१ पासून नव्या जवानांना ती नेमाने मिळू लागली. आजार इतका कमी झाला की त्याची भीतीच गेली. लस बनवणारी कंपनी एकच होती. कारखाना सुधारायला पैसे कोणी द्यायचे, यावर घोडे अडले. १९९६ मध्ये उत्पादन बंद झाले, १९९९ पर्यंत शिल्लक साठाही संपला आणि साथी परत आल्या. २००० साली इलिनॉय राज्यात दोन धडधाकट तरुण जवान या विषाणूच्या आजारात दगावले. लस परत मिळायला २०११ साल उजाडले. त्यानंतर जवानांमधला हा आजार जवळजवळ शंभर पटींनी घटला. म्हणजे उपाय माहीत असताना बारा वर्षे पोरे तापाने फणफणत राहिली. रोग दिसेनासा झाला की त्याला अडवणाऱ्या खर्चावर पहिली कुऱ्हाड पडते. आपल्याकडे औषधफवारणीचे आणि गटारसफाईचे काय होते, ते आठवा.

ती लस तिथेही फक्त सैन्यासाठी आहे, त्यामुळे दुकानात शोधत बसू नका. पण त्याच इलिनॉयमधल्या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात आणखी एक गोष्ट झाली, ती आम्हाला जास्त मोलाची वाटते. जवानांनी दिवसातून किमान पाच वेळा साबणाने हात धुवावेत, असा हुकूम निघाला. बेसिनजवळ पातळ साबण आला. त्याआधी तपासणीला बेसिन कोरडे ठणठणीत लागायचे, म्हणून पोरे हात धुवायलाच बिचकत. आता ओले बेसिन चालेल, असे वरूनच सांगितले गेले. श्वसनाच्या आजारासाठी दवाखान्यात येणे ४५ टक्क्यांनी कमी झाले. नुसते ‘हात धुवा’ सांगून हे झाले नसते. वेळ, पाणी, साबण आणि वरच्याची परवानगी, हे सगळे द्यावे लागले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, मुलांना एका खोलीत ठेवणाऱ्यावरच त्या खोलीची जबाबदारी आहे. आज गावोगावी भरती अकॅडम्या निघाल्या आहेत. फी भरताना हॉल बघून या. खिडक्या उघडतात का? एका नळावर किती मुले? आजारी मुलाला वेगळी जागा आहे का? जागा कमी असेल तर निदान एकाचे डोके दुसऱ्याच्या पायाकडे येईल असे झोपवा. बराकींत हा जुना रिवाज आहे आणि त्याला पैसा लागत नाही. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतही तो चालतो.

मुले ताप लपवतात, याचीच आम्हाला जास्त काळजी वाटते. सुट्टी मागितली तर मागे पडू, उस्ताद चिडेल, म्हणून गोळी घेऊन मैदानावर उतरतात. गोळीने ताप उतरतो, आजार आत तसाच राहतो. विषाणूमुळे कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. अशा वेळी धावणे जिवावर बेतू शकते. अंगात ताप असताना धावायचे नाही, व्यायाम करायचा नाही. छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हे आईने सांगितले तर मुलगा ऐकत नाही, म्हणून अकॅडमीच्या सरांकडून सांगून घ्या.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर टीबीची शंका धरा. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. भरतीची तारीख जवळ आली म्हणून ती पुढे ढकलू नका.