धक्के कुणी खायचे?

"पिकअप आहे काका, कार नाही. थोडं आदळणारच."

हे वाक्य मी वर्षभरात चौघांच्या तोंडून ऐकलं. पुतण्याच्या, त्याच्या मित्राच्या, ज्याने शॉकअप बसवले त्या मिस्त्रीच्या, आणि (याचंच जास्त वाईट वाटलं) आमच्याच वयाच्या एका ब्लॉगमित्राच्या. चौघांच्याही मनात एकच समज पक्का बसलेला. गाडी कडक म्हणजे मजबूत, आणि आराम मागणारा म्हणजे नाजूक. मंडळी, या समजाशी मला भांडायचं आहे. गाड्यांतलं मास्तरांना काय कळतं, असं कुणी म्हणेलच. खरं आहे, मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून, आणि जन्मभर पोरांना व्याकरण शिकवलं. पण मागच्या सीटवर बसायला इंजिनिअरची पदवी लागत नाही, आणि शॉकअपच्या पोटात काय चालतं ते समजून घ्यायलाही लागत नाही.

पुतण्याची दिंडोरीजवळ द्राक्षबाग आहे. गाडी दोन रांगांची पिकअप, म्हणजे पुढे दोघं, मागच्या बाकावर तिघं आणि त्यामागे हौदा. २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स, तेव्हापासून ही जात आपल्याकडे जास्त दिसू लागली. आठवडाभर हौद्यात क्रेट आणि औषधांचे कॅन, रविवारी त्याच गाडीत घरची माणसं. एकाच गाडीकडून दोन कामं, आणि भांडणाचं मूळ तिथेच आहे.

अशा गाडीला मागे कमानपाटे असतात. ते वजन पेलायला केलेले, त्यामुळे हौदा रिकामा असला की ते जवळजवळ दबतच नाहीत. साधी कार आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला एखाद-दीड वेळा डोलते. रिकाम्या पिकअपची मागची बाजू दोन किंवा त्याहून जास्त वेळा उडते. इथपर्यंत "पिकअप आहे काका" हे म्हणणं मला मान्य आहे. पाटे कंपनीने दिले, ते तसेच राहणार.

पण पुतण्याने मूळचे शॉकअप काढून चांगले महागाचे, नंबर फिरवता येणारे बसवले. प्रत्येकाच्या अंगावर एक गोल बटण, त्यावर १ ते ९. एक म्हणजे सर्वांत मऊ, नऊ म्हणजे सर्वांत कडक. मिस्त्रीने चारही सातवर ठेवले, "गाडी रस्त्याला धरून बसली पाहिजे" असं सांगितलं आणि पैसे घेतले. त्यानंतर दीड वर्षात त्या बटणांना कुणाचा हात लागला नाही. नऊ नंबरांचे पैसे मोजायचे आणि एकच वापरायचा! नऊ खणांचं कपाट घेऊन सगळे कपडे एकाच खणात कोंबण्यातला प्रकार.

शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. ते काम पाट्यांचं. शॉकअपचं काम हलणं थांबवायचं. बँकेच्या काचेच्या दाराला वर तो दुमडणारा हात असतो ना, त्याच्या पेटीत तेल असतं. दार मिटताना ते तेल बारीक भोकातून ढकललं जातं, म्हणून दार हळू मिटतं. पेटीला एक स्क्रू असतो. तो फार सैल केला तर दार धाडकन आपटतं, फार आवळला तर पुढचा माणूस येईपर्यंत मिटतच नाही. शॉकअप म्हणजे तेच, फक्त उभं आणि चाकाशेजारी. पाटा दबून उसळतो, ती उसळी तेलात जिरते आणि तिची उष्णता होते. बटण फिरवलं की तेलाची वाट रुंद किंवा अरुंद होते. काहींत दबताना आणि उसळताना दोन्ही वेळची वाट बदलते, काहींत फक्त उसळतानाची.

आता कडकपणाचं बघा. माणसाच्या धडाला उभे धक्के सर्वांत जास्त जाणवतात ते सेकंदाला साधारण ४ ते ८ या वेगाचे. हे माझ्या पदरचं नाही. अंगाला बसणाऱ्या कंपनांचं आयएसओ २६३१ हे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते उभ्या धक्क्यांत याच पट्ट्याला जास्त वजन देतं. शॉकअप कडक केला की गाडीचं संथ डोलणं कमी होतं, यात वाद नाही. पण त्याच्या वरच्या वेगाचे धक्के, म्हणजे नेमके हे ४ ते ८ चे, जास्त जोरात वर येतात. कारण फार कडक शॉकअप हा चाक आणि सांगाडा यांना जोडणारा दांडाच होऊन बसतो. शिवाय खडबडीत रस्त्यावर एका उंचवट्यानंतर चाक खाली यायच्या आतच दुसरा उंचवटा येतो. चाक आखडत जातं आणि गाडी मागच्या बाजूला थरथरत सरकते. म्हणजे ज्या "धरून बसण्या"साठी सात नंबर केला, तेच रिकाम्या गाडीत खडीच्या रस्त्यावर उरत नाही. गुळगुळीत हायवेवर एकट्याने चालवून बघणाऱ्या मिस्त्रीला हे दिसणार कुठून?

आणि ड्रायव्हरला तरी कुठून दिसणार? त्याच्या हातात स्टिअरिंग असतं, खड्डा त्याला आधी दिसतो, अंग आपोआप सावरलं जातं. मागच्या बाकावरच्या माणसाला समोरच्या सीटची पाठ दिसते. एसटीच्या शेवटच्या सीटवरून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे कोण बसतं तेही बघा. घरातल्या बायका, म्हातारी माणसं, मुलं. गाडी कशी ठेवायची ते ठरवणारा पुढे, आणि त्याचं फळ भोगणारे मागे.

आमच्या वहिनी (पुतण्याची आई) अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पाठीचा एक मणका दबला. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाला एक आदळणं पुरतं, हे कुठलाही हाडांचा डॉक्टर सांगेल. त्यांचं माहेर कळवणकडे. नवे शॉकअप बसल्यावर त्या एकदाच तिकडे गेल्या. नंतर दर वेळी गुडघे, दर वेळी ऊन, दर वेळी "तुम्ही जाऊन या, मी घरी बरी." दीड वर्ष. घरात कुणी त्या बटणाचा आणि या नकाराचा संबंध जोडला नाही. मी सरळ विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, त्याने एवढे पैसे घालून बसवलेत, कसं सांगू?" पुतण्याला हे कळल्यावर त्याने काय करावं? जाड उशी आणली! उशीने टोचणं कमी होतं, मणक्यापर्यंत पोचणारा दणका त्या मानाने फार कमी होत नाही.

ब्लॉगमित्राचं म्हणणं याहून वेगळं. "आपण बैलगाडीतून हिंडलो, मोडलो का?" अहो, बैलगाडी माणसाच्या चालीने जात होती. आणि बायकामुलांना न्यायला ज्यांच्याकडे होती ते दमणी जुंपत, नाहीतर गाडीत पेंढा घालून वर गोधडी अंथरत. बाळंतीण माहेराहून यायची तेव्हा गाडीवान चाकोरीतला दगड पाहून बैलांना आवरायचा. आपले आजोबा आत कोण बसलंय ते पाहून गाडी लावून घेत होते. हालअपेष्टा हा संस्कार आहे असं त्यांनी कधी मानलं नाही. ते आपण नंतर चिकटवलं.

गंमत म्हणजे मोठ्या मोटार कंपन्याही अखेर बसणाऱ्यालाच विचारत. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरने अमेरिकेत कॅडिलॅककडे एक लांबलचक गाडी प्रयोगासाठी तयार केली. तिच्यावरची वजनं पुढेमागे सरकवता येत, स्प्रिंग बदलता येत. मग माणसं तिच्यात बसून फिरत आणि काय जाणवलं ते सांगत. पुढचे स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ असले तर गाडी होडीसारखी पुढेमागे झुलत नाही, हे त्याच्या कामातून पुढे आलं.

म्हणून आम्हीही तसंच केलं. पण बटणाला हात लावण्याआधी हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असतात. आमच्या मागच्या चाकांत रिकाम्या गाडीच्या आकड्यापेक्षा १२ पौंड जास्त हवा निघाली! हंगामात माल भरताना वाढवली, ती तशीच राहिली. टायर दगडासारखा असेल तर शॉकअप बिचारा काय करणार? दुसरं म्हणजे जादा पाटा. ओझं जास्त घालता यावं म्हणून कितीतरी जण एक पाटा वाढवून घेतात. मग आदळते म्हणून शॉकअपला शिव्या. जादा पाट्याचा कडकपणा कुठल्याही बटणाने उतरत नाही, तो पाटा काढावाच लागतो. पुतण्याने तेवढं केलेलं नव्हतं, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

मग गावाबाहेरचा चार किलोमीटरचा एक तुकडा ठरवला. त्यात डांबर, उखडलेली खडी आणि तीन स्पीडब्रेकर. वेग ठरलेला, माणसं तीच, हौदा रिकामा, टायर थंड असतानाच हवा तपासलेली. एका वेळी एकच जोडी बदलायची, पुढची किंवा मागची. डावा-उजवा नेहमी सारखा. गुण द्यायच्या वहिनींनी, दहापैकी, आणि नंबर किती आहे ते त्यांना सांगायचं नाही. हा शेवटचा नियम माझा, कारण पेपरावर नाव दिसलं की परीक्षकाचा हात कसा सैल पडतो ते मी पाहिलेलं आहे.

नुसती हवा नीट केल्यावर, सगळे सातवरच असताना, तीनाचे पाच गुण झाले. मागचे पाचवर आणले तर सहा. पुतण्या म्हणाला, मग एकदम एकवर टाकू. टाकले. गुण चार! "बोटीत बसल्यासारखं होतंय" म्हणाल्या. ब्रेकरनंतर मागची बाजू तीन वेळा वरखाली झाली, आणि एका खड्ड्यात पाटा पार दबून खालच्या रबरावर आपटला. हे "जितकं मऊ तितकं आरामाचं" म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो. मऊपणालाही तळ असतो, आणि त्या तळावर आपटलेलं जास्त लागतं. शेवटी मागचे तीनवर, पुढचे चारवर ठेवल्यावर आठ गुण. आकडे आमच्या गाडीचे, तुमच्या गाडीला ते लागू पडतील असं समजू नका. ब्रेकर ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन खाली बसली की थांबली पाहिजे, तेवढं बघायचं.

(स्पीडब्रेकर म्हणजे काय, हाही वेगळा विषय. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्येच सांगून ठेवलं होतं की तो ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि गोलाकार असावा, ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता येईल असा. आमच्या रस्त्यावरचे तिन्ही म्हणजे डांबराच्या भिंती आहेत. असो.)

माल भरल्यावर मात्र तीन नंबर चालत नाही, हे पुतण्याचं बरोबर आहे. क्रेट चढवले की पाटे जास्त दबतात, जास्त जोराने उसळतात, आणि ती उसळी आवरायला शॉकअप कडकच लागतो. तेव्हा मागचे सहावर न्यावेत, हवाही भरलेल्या गाडीच्या आकड्यावर न्यावी. हंगामात महिनोन्‌महिने तसंच राहील, राहू दे. पण माल उतरवून रविवारी आईला घेऊन निघायचं तेव्हा परत आणायला नको का? बटण फिरवायला पैसे पडत नाहीत.

वहिनी मागच्या महिन्यात कळवणला जाऊन आल्या. येताना नांदुरीपाशी गाडी थांबवायला लावून भाजलेली कणसं घेतली, म्हणजे पाठ बरी असणार. पुतण्या अजून कुरकुरतो की घाटातल्या वळणांवर गाडी कलते. त्याला म्हटलं, घाटाआधी पुढचे एक नंबर वाढव, उतरलास की कमी कर. त्यासाठी गाडी थांबवून खाली वाकावं लागतं, ही त्याची तक्रार खरी आहे. चारही चाकांना मिळून पाच मिनिटं लागतात.