सात वाजता घरात राज्य कुणाचे?



आज खत-बियाण्यांचा विषय जरा बाजूला ठेवू आणि घरातल्या टीव्हीवर व पोरांच्या हातातल्या मोबाइलवर बोलू. ‘शेतीखात्याच्या माणसाला ही नसती उठाठेव कशाला?’ असे कुणी म्हणेल. पण वसई तालुक्यात शेतकरी बैठकीची वेळ आता खाते ठरवत नाही की सरपंच ठरवत नाहीत. ती मालिका ठरवते. साडेसातची बैठक लावा, सतरंजीवर चार टाळकी, त्यातली दोन पंचायतीचीच. तीच बैठक साडेपाचला लावा, ओटा भरून जातो. तेव्हा हा विषय माझ्या कामाबाहेरचा नाही, आणि तुमच्या शेतीबाहेरचाही नाही.

आधीच सांगतो, मी मालिकांचा वैरी नाही. मीही बघतो. २०१६ ते २०२१ या काळात ‘तुझ्यात जीव रंगला’ चालू होती, तेव्हा कोल्हापूरकडचा शेतकरी पैलवान नायक म्हणून पडद्यावर आला याचे मला बरे वाटले. २०२२ साली तर ‘शेतकरीच नवरा हवा’ अशा नावाचीच मालिका आली. आपल्याकडे मुलाचे स्थळ सांगताना ‘शेती करतो’ एवढे म्हटले की समोरचा पाहुणा चहा संपवून उठतो. अशा दिवसांत टीव्हीवरची एखादी मुलगी शेतकरीच पाहिजे म्हणते, हे काही कमी नाही.

पण माझी एक तक्रार आहे. हा पडद्यावरचा शेतकरी वजनकाट्यापाशी उभा राहिलेला मला तरी आठवत नाही. त्याच्या बांधावर तण नाही, त्याच्या पायाला चिखल नाही, त्याची मोटार जळत नाही. आणि कथा म्हणाल तर पुढे सरकतच नाही. दार वाजते, सगळे वळून बघतात, आणि कोण आले ते कळायच्या आत भाग संपतो. आपले भात चार-साडेचार महिन्यांत कापणीला येते. मालिका मात्र वर्षानुवर्षे पोटरीतच, निसवायचे नावच नाही! आणि तिच्यापायी कोण जागते? पहाटे साडेतीनला उठून मोगऱ्याच्या कळ्या खुडणारी, टोपली डोक्यावर घेऊन विरारची पहिली लोकल गाठणारी, दादरच्या फूलबाजारात उभी राहणारी आमची वहिनी. ती रात्री साडेदहापर्यंत डोळे ताणून बसते. करमणूक तिचा हक्क आहे, त्यावर कुणी बोट ठेवू नये. पण ती तिच्या झोपेच्या हिशेबातून जाते, हे घरातल्या माणसांनी ध्यानात घ्यावे आणि पाट्या-भांड्यांना हात लावावा.

मुळात टीव्ही खेड्यात आला कशासाठी, हे आठवून बघा. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांसाठी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि ‘आमची माती, आमची माणसं’ने मराठी शेतकऱ्याला पडद्यासमोर बसवले. पहिली मोठी मालिका ‘हम लोग’ १९८४ साली आली, तीसुद्धा कुटुंबनियोजनाचा निरोप घेऊन. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारी सकाळी गावची आळी ओस पडू लागली. म्हणजे टीव्ही शेतीचा पाहुणा म्हणून घरात आला आणि हळूहळू घरधनी झाला. आज तर आपल्याच तालुक्यात, नायगाव-कामणच्या बाजूला, हिंदी मालिकांचे सेट उभे आहेत. सेटवरच्या वेलीला पाणी लागत नाही, आपल्या पानवेलीला लागते, एवढाच काय तो फरक.

आता मोबाइलकडे वळू. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि ज्या घरात साधा फोन होता तिथेही, पोराचा अभ्यास बुडू नये म्हणून, उसनवारी करून मोठा फोन आला. अभ्यासाबरोबर खेळही आला. ‘पबजी’वर सरकारने २ सप्टेंबर २०२० ला बंदी घातली, पण खेळ काही थांबला नाही, एक गेला, दुसरा आला. संध्याकाळी साकवाच्या कठड्यावर चार पोरे ओळीने माना खाली घालून बसलेली दिसली की समजावे, रेंज तिथेच येते.

या पोरांना उठसूट शिव्या घालणे मला पटत नाही. नकाशा वाचणे, नेम धरणे, चौघांनी मिळून डाव आखणे, हे सगळे ती शिकतात. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतले आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, हे खरे. पण तो शिक्का खेळणाऱ्या प्रत्येक पोरावर मारायचा नसतो. जेवण, झोप, शाळा, काम सगळे सुटूनही जो खेळ सोडू शकत नाही आणि हे महिनोन् महिने चालते, त्याची गोष्ट वेगळी. त्याला मार नको, डॉक्टर हवा.

खरा धोका पैशाच्या खेळाचा. गोकुळाष्टमीला पत्ते कुटणे आपल्याकडे जुनेच आहे. पण तिथे खिसा रिकामा झाला की माणूस उठतो, आणि कोण किती हरला हे साऱ्या आळीला कळते. मोबाइलवरच्या रमीला तळ नाही आणि बघणारेही कुणी नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणे आणि त्यांची जाहिरात करणे, दोन्हींवर बंदी घातली. त्यात खेळणाऱ्याला गुन्हेगार धरलेले नाही, चालवणाऱ्याला धरले आहे. तरी कायद्याने बंद झालेली वस्तू गल्लीतून मिळते, हे दारूबाबत आपण पाहतोच. अनोळखी संदेशातून आलेला दुवा उघडलात की खेळ पुन्हा हजर.

आता जरा आपल्या घरातला हिशेब मांडा. मोठा फोन एकच. तो बापाच्या नावावर. त्यालाच बँकेचे खाते जोडलेले. त्याच खात्यात पीककर्ज येते, त्यातच सन्मान निधी येतो. आणि फोन असतो पोराच्या हातात, परवलीचा आकडा त्याला पाठ. म्हणजे तिजोरीची किल्ली पोराच्या गळ्यात आणि बाप टीव्हीपुढे! तेव्हा शेतीचे खाते आणि मोबाइलवरून पैसे देण्याचे खाते वेगळे ठेवा. रोजच्या खात्यात लागेल तेवढीच रक्कम ठेवा. फसवणूक झालीच तर लाजू नका, १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

आणि आता माझ्या मुद्द्यावर येतो. ज्या फोनवर रोज दोन-तीन तास खेळ चालतो, त्याच फोनवर बापाच्या भाताची नोंद राहून जाते. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. आपल्या शेतात उभे राहून, पिकाचा फोटो काढून, ते पीक सातबाऱ्यावर चढवायचे असते. पीकविमा असो, नुकसानीची मदत असो, की सरकारी खरेदी केंद्र असो, पहिला प्रश्न एकच: सातबाऱ्यावर पीक आहे का? शेतात भात डोलतेय आणि कागदावर रान पडीक, अशी वेळ आली की तलाठीभाऊसाहेब, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तेही हात टेकतात. बापाला फोन चालवता येत नाही, पोराला गटनंबर माहीत नाही. दोघे एका घरात, दोघांच्या हातात अर्धे-अर्धे काम, आणि मधे मालिका!

यावर एका गावाने काढलेली तोड सांगतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ग्रामसभेत ठरवले आणि संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठपर्यंत पोरांचा अभ्यास. पुढाकारात बायका होत्या, म्हणून ते चालले. माणूस रागाने बंद करायला गेला असता तर त्याच रात्री जेवणाचे वांधे झाले असते!

आपल्याकडे हा भोंगा जसाच्या तसा चालेल का? मला वाटते, नाही. सातला आपले निम्मे घर लोकलमध्ये लटकत असते. पश्चिमेला नंदाखाल, निर्मळ, गासकडे वाडी सांभाळून नोकरी करणारे लोक, तर पूर्वेला पारोळ, भाताणे, मेढेकडे दिवसभर मजुरी करून परतणारे. सगळ्यांची सात एक नाही. आणि नवा भोंगा तरी कशाला हवा? कुठे चर्चची सांजेची घंटा वाजते, कुठे देवळात हरिपाठ असतो, कुठे नुसती दिवेलागण. वेळ सांगणारे गावात आधीच आहे. घर एका जागी बसत नाही, एवढेच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. रोज दीड तास नको. आठवड्यातून एक दिवस, दिवेलागणीनंतर, मालिका सुरू व्हायच्या आत अर्धा तास फोन शेतीचा. पोराने फोन धरायचा, आईबापाने सांगायचे. पहिले, सातबारा उघडून पीक चढले आहे का ते बघायचे. नसेल तर उद्या सकाळी शाळेआधी दोघांनी शेतात जाऊन फोटो काढायचा. दुसरे, हवामानाचा अंदाज वाचायचा आणि ‘दामिनी’ हे विजेची सूचना देणारे ॲप चालू आहे ना, हे बघायचे. परतीच्या पावसात कापणीला वाकलेल्या माणसाला त्याचा उपयोग फार. तिसरे, खात्यातून गेलेल्या पैशाचे संदेश मोठ्याने वाचायचे. मोठ्याने वाचले की चोरी लपत नाही, ना पोराची, ना बापाची. मग खुशाल मालिका लावा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनाही विनंती. १५ ऑगस्टची ग्रामसभा भाताच्या नोंदीच्या दिवसांतच येते. त्या सभेत हा अर्धा तास ठरवून टाका, आणि ठराव मांडायला बचतगटाच्या ताईला उभे करा. साकवावर बसणाऱ्या त्या चार पोरांना बोलवा, ज्यांच्या घरी मोठा फोन नाही अशा म्हाताऱ्या खातेदारांची नोंद करायला सोबत द्या. रेंज कुठे येते हे त्यांच्याइतके गावात कुणाला ठाऊक नाही. २००९ मध्ये जी गावे महापालिकेत गेली, तिथे ग्रामसभा नाही. पण बचतगट आहेत, मंडळे आहेत, त्यांनी हे करावे. आणि बैठका साडेपाचला लावा, लोक आले नाहीत म्हणून मालिकेच्या नावाने बोटे मोडू नका.

टीव्ही घरात राहणार, मोबाइल राहणार, पोरे खेळणार. त्यांना हाकलून शेती पिकत नाही. पण मालिकेचा चुकलेला भाग पुन्हा बघता येतो, नोंदीची मुदत चुकली तर तो हंगाम पुन्हा येत नाही. या हंगामाची मुदत कधी संपते ते तलाठ्याला उद्याच विचारा, आणि आज रात्री पोराला गटनंबर पाठ करायला सांगा.