भुकेचे औषध आणि दुसऱ्याची चिठ्ठी

निकाहची तारीख ठरली की घरात कपड्यांची आणि पाहुण्यांची यादी सुरू होते. अलीकडे काही घरांत आणखी एक वाक्य ऐकू येते, "दोन महिन्यांत मुलीचे वजन उतरले पाहिजे." मग कुणी खाला सांगते, माझ्या नणंदेला इंजेक्शनने फरक पडला. कुणी मोबाईलवर कॅप्सूलची डबी दाखवते. पालकसभा संपल्यावर अम्मी मंडळी मलाही विचारतात, "टीचर, भूक मारायचे औषध घेतले तर चालते का?"

मी डॉक्टर नाही, त्यामुळे अमुक औषध घ्या असे मी सांगणार नाही. पण एक गोष्ट खात्रीने सांगते. ही औषधे खरोखर काम करतात, आणि म्हणूनच ती दुसऱ्याच्या चिठ्ठीवर घेण्यासारखी नाहीत.

भूक पोटात लागते असे आपण म्हणतो, पण तिचा बराचसा कारभार मेंदूतून चालतो. जुन्या गोळ्या मेंदूवर काम करायच्या आणि त्याचा भार हृदयावर पडायचा. फेनफ्लुरामिनमुळे हृदयाच्या झडपा खराब होतात असे दिसल्यावर ते १९९७ साली अमेरिकेच्या बाजारातून काढले गेले. सिबुट्रामिनने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचा धोका वाढतो हे कळले, तेव्हा २०११ साली भारतात त्यावर बंदी आली. तरीही 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये हेच सिबुट्रामिन गुपचूप मिसळलेले अनेक देशांत सापडले आहे. "जडीबुटीचे आहे, नुकसान नाही," या बोलण्यावर भरवसा ठेवू नका.

आता चर्चा आहे ती सेमाग्लुटाईड आणि टिर्झेपेटाईड या आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांची. २०२५ पासून ही दोन्ही इंजेक्शने वजन कमी करण्यासाठी भारतात मिळू लागली. आतड्यातील संप्रेरकांसारखे काम करून ती भूक कमी करतात आणि पोट भरल्याची जाणीव लवकर देतात. डोस लहान सुरू करून, साधारण चार-चार आठवड्यांनी डॉक्टरच तो वाढवतात. शेजारणीचा वाढलेला डोस आपण पहिल्याच दिवशी घेतला, तर उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी जाऊन सलाईन लावायची वेळ येऊ शकते.

ही औषधे लठ्ठपणा या आजारासाठी आहेत. सर्वसाधारणपणे बीएमआय ३० किंवा जास्त असेल, अथवा २७ च्या वर असून सोबत शुगर, बीपी यांसारखा त्रास असेल, तरच डॉक्टर त्यांचा विचार करतात. शिवाय सेमाग्लुटाईड बंद केलेल्या लोकांचे उतरलेले वजन वर्षभरात सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे एका मोठ्या अभ्यासात दिसले. म्हणजे हा लग्नापुरता दोन महिन्यांचा कोर्स नव्हे.

नववधूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी तिला सहसा कुणी सांगत नाही. गरोदरपणात ही औषधे घ्यायची नसतात. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाईड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपेटाईडमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. निकाह जवळ आलेल्या मुलीला हे माहीत असायलाच हवे.

डॉक्टरांपासून काही लपवू नका. घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर झाला होता का, स्वादुपिंडाला सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, हे कागदावर लिहून न्या. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांच्यासोबत हे इंजेक्शन घेतल्यास शुगर एकदम खाली येऊ शकते.

रमजानच्या तोंडावर औषध सुरू करणे किंवा डोस वाढवणे टाळावे. भूक आधीच कमी, त्यात दिवसभर पाणी नाही आणि वर उलट्या झाल्या, तर किडनीवर ताण येतो. रमजानच्या महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांचा मशवरा घ्या. पोषण न देणाऱ्या इंजेक्शनाने रोजा तुटत नाही, असे अनेक उलमांचे मत आहे. शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारा.

औषध चालू असताना भूक नाही म्हणून फक्त चहा-बिस्किटावर दिवस काढू नका. वजनाबरोबर स्नायूही झिजतात. थोडेच खा, पण त्यात अंडे, मासे, चिकन, डाळ, दही असू द्या आणि रोज चाला. पोटात जोराची कळ येऊन ती पाठीत जात असेल, पाणीही पोटात टिकत नसेल, छातीत दुखत असेल किंवा घाम फुटून हातपाय थरथरत असतील, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. इंजेक्शन ओळखीच्या मेडिकलमधूनच बिलासह घ्या.

आणि मुलीला एकटीला मेडिकलवर पाठवू नका. तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा, मग पाच मिनिटे बाहेर बसा आणि तिला मोकळेपणी बोलू द्या. वजन कमी करायची इच्छा तिची आहे की सासरच्या कुणाच्या टोमण्याची, हे तिथे तरी तिला सांगता येईल. डॉक्टर म्हणाले, "हिला औषधाची गरज नाही," तर दुसरा डॉक्टर शोधू नका. तिला घेऊन घरी या आणि कपडे तिच्या मापाचे शिवून घ्या.