आग ठरावाने लावली काय?

पुंडलिकनगरातील परवाच्या अभ्यासवर्गात एका तरुण साथीने सवाल केला, "नामांतराच्या ठरावाने दलितांची घरे जळाली. मग त्या ठरावाने साधले काय?" प्रश्न निरागस होता, त्यातला हेत्वाभास मात्र जुना आणि जहरी आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने संमत केला. पाठोपाठ मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. आधी ठराव, मग आग. म्हणून आग ठरावाने लावली, हा निव्वळ काकतालीय न्याय होय. कावळा बसला आणि फांदी मोडली! वास्तविक आग लावणाऱ्यांना हात होते आणि त्या हातांत पलिते होते. ठरावाकडे बोट दाखवले की त्या हातांची झडती आपोआप टळते, आणि ठराव बासनात गुंडाळायला सरकारलाही सबब मिळते. तशी ती मिळालीही. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

"नाव हवे की भाकरी?" हा दुसरा सवाल. जणू दोहोंपैकी एकच देण्याचा कायदा होता! नाव अडवल्यामुळे त्या साडेपंधरा वर्षांत कोणाच्या ताटात एक भाकरी जास्त पडली, ते एकदा दाखवून द्यावे. आंबेडकर आणि मराठवाड्याची अस्मिता यांना आमनेसामने उभे करणाऱ्यांना तर, १९५८ साली विद्यापीठ स्थापन होण्याच्या आठ वर्षे आधीच बाबासाहेबांनी याच शहरात महाविद्यालय काढले होते, याचाही सोयीस्कर विसर पडला.

पण आपलेही अंगण झाडले पाहिजे. नामांतराच्या विरोधकांत हैदराबाद मुक्तिसंग्रामात झुंजलेली माणसे होती. 'ते त्यागी, म्हणून त्यांचे म्हणणे खरे' हा तर्क जितका लंगडा, तितकाच 'ते सवर्ण, म्हणून त्यांचे सारेच खोटे' हाही. या दुसऱ्या तर्काने आपल्या वक्त्यांनी टाळ्या पुष्कळ मिळवल्या. मूळ युक्तिवादाला उत्तर द्यायचे मात्र राहून गेले. न्यायशास्त्रात फसव्या प्रतिवादाला 'जाती' हीच संज्ञा आहे, हा योगायोग मोठा बोलका! त्याच शास्त्राने सत्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ खंडन करते ती वितंडा, असा भेद केला. आपल्या बैठकांत पहिला प्रकार दुर्मिळ होत चालला आहे.

वर्ग सुटताना तोच साथी म्हणाला, "मग ज्यांनी आग लावली, त्यांचे पुढे काय झाले?" पुढच्या वर्गाला हाच विषय घेतला आहे.