पारा कोणाचा, नोंद कोणाची?

रावेर, यावल, चोपडा तालुक्यांतील केळी उत्पादकाला हिवाळ्यात थंडीइतकीच चिंता आकड्याची असते. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई बागेची पाहणी करून ठरत नाही. संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. पारा ठरलेल्या मर्यादेखाली सलग ठरावीक दिवस राहिला, तरच विमा लागू. एका रात्री अर्ध्या अंशाने गणित हुकले, की पिवळी पडलेली पाने आणि बुंध्यातच अडकलेला घड यांच्या साक्षीला किंमत उरत नाही.

२०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, ही निश्चितच मोठी प्रगती होय. परंतु एका मंडळात अनेक गावे येतात. सातपुड्याचा पायथा आणि तापीकाठ यांची रात्र सारखी नसते. निरभ्र, निवांत रात्री गार हवा सखल भागात साचते. मग एकाच केंद्राने सर्वांचा न्याय कसा करावा?

उपाय खर्चिक नाही. ‘डीएस१८बी२०’ हा तापमान संवेदक आणि वाय-फाय असलेला ‘ईएसपी८२६६’ सूक्ष्मनियंत्रक काही शे रुपयांत मिळतात. मात्र या संवेदकाची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश, आणि वाद नेमका त्याच अर्ध्या अंशाचा! म्हणूनच प्रत्येक संवेदक वितळत्या बर्फात शून्य अंशावर तपासला पाहिजे. जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत बसवला पाहिजे. पत्र्याखाली टांगलेले यंत्र पत्र्याचेच तापमान सांगणार.

कोणी मुद्दाम खोटी नोंद करील, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर जाळ्यातच आहे. शेजारच्या दहा यंत्रांशी न जुळणारे अकरावे लगेच उघडे पडते. यंत्रे शाळा-ग्रामपंचायतींच्या ताब्यात असावीत. जळगावचे केळी संशोधन केंद्र आणि धुळ्याचे कृषी महाविद्यालय यांनी ती पडताळावीत. या नोंदींवर थेट भरपाई नको; पण नवे केंद्र कोठे हवे आणि फेरचौकशी कोठे व्हावी, हे ठरवताना शासनाने त्या विचारात घ्याव्यात.

विमा हा उपकार नव्हे, हप्ता भरून केलेला करार आहे. ज्या नोंदीवर करार उभा आहे, ती पडताळण्याचे साधन शेतकऱ्याच्याही हाती असायला नको काय?