बचाव आहे? मग शपथेवर सांगा

समरी सूट म्हणजे प्रतिवादीचं तोंड दाबून उरकलेला न्याय, असा आक्षेप बार रूममध्ये नेहमी ऐकू येतो. (आक्षेप घेणारे पुढच्याच आठवड्यात वादीतर्फे तोच दावा लावतात, ते सोडा.) हा दावा जिच्याखाली चालतो ती दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर 37 पाहिली तर तिथं तोंड दाबलेलं नाही, उघडायला लावलेलं आहे.

भोसरीतला एखादा फॅब्रिकेटर पाच लाखांचा माल उधारीवर देतो. पर्चेस ऑर्डर आहे, चलानावर गोडाऊनचा शिक्का आहे. दोन वर्षं फोनवर 'पुढच्या आठवड्यात करतो' चालू राहतं आणि दावा लागल्यावर मालात दोष निघतो! साध्या दाव्यात हा दोष लेखी कैफियतीत एका ओळीत मावतो आणि साक्षीपुराव्यापर्यंत वर्षानुवर्षं पुरतो. ऑर्डर 37 मध्ये 'समन्स फॉर जजमेंट' हाती पडल्यावर दहा दिवसांत बचावाची परवानगी मागताना शपथपत्रावर सांगावं लागतं: दोष कुठला, कळला कधी, तक्रारीचं पत्र कुठंय? ज्याला खरोखर खराब माल मिळाला, त्याच्याकडे ते पत्र असतंच.

बचावाची परवानगी ही न्यायाधीशाची मर्जी, हेही खरं नाही. हबटाऊन निकालात (2016) सर्वोच्च न्यायालयानं पायऱ्या आखल्या आहेत. भक्कम बचावाला बिनशर्त परवानगी मिळते. हेतूबद्दल शंका असेल तर अटी येतात. बचाव पटण्याजोगा पण असंभाव्य असेल, तर दाव्याची सगळी रक्कम कोर्टात भरायला लावता येते. समन्स पोचलंच नसेल तर नियम 4 खाली हुकूमनामा रद्द करून घेता येतो.

दुसऱ्या टोकाला जर्मनीचे भक्त आहेत. तिथं अर्ज संगणकावर निघतो, दावा खरा की खोटा हे कुणी तपासत नाही आणि पैसे भरण्याचा आदेश सुटतो. पण कर्जदारानं दोन आठवड्यांत, कारणही न देता, विरोध कळवला की प्रकरण नेहमीच्या दाव्याच्या वाटेला लागतं. रशियाच्या व्यापारी न्यायालयांत 2016 पासून असलेला आदेशही कर्जदाराच्या आक्षेपानं असाच रद्द होतो. विनाकारण आक्षेप फुकट मिळणार असेल, तर आपल्याकडचा कोणता थकबाकीदार तो घेणार नाही? तिथली झपाट्याची कारकुनी जरूर आणावी. शपथपत्र सोडू नये.

उशीर खरा होतो तो दाव्याच्या आधी. वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम 12-अ नुसार तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थीकडे जावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये ही सक्ती पक्की केली. त्यासाठी तीन महिने, दोघांच्या संमतीनं आणखी दोन. समोरची पार्टी फिरकतच नाही आणि फॅब्रिकेटर 'नॉन-स्टार्टर' अहवालाची वाट पाहत बसतो. हे दिवस मुदतीच्या कायद्यात धरत नाहीत. कॅश क्रेडिटच्या व्याजात मात्र धरतात. बाकी लेखी कबूल केलेल्या कर्जदारावर ऑर्डर 37 चा दावा लावायचा असेल, तर 12-अ मधून सूट द्यावी. दुरुस्ती एका वाक्याची आहे.