अजगराचं चक्रवाढ व्याज

छंद कशाला म्हणावं याची माझी व्याख्या सोपी आहे. कपाटात ठेवून कुलूप लावलं की जो वाढत नाही, तो छंद. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याची तिकिटं रात्रीतून व्यायली असं कुठे ऐकिवात नाही. जुनी नाणी जमवणाऱ्याला दर रविवारी नाण्यांपुढे उंदीर टाकावा लागत नाही. म्हणून अमेरिकेत नि विलायतेत बरेच सज्जन घरात अजगर पाळतात, त्यांची अंडी उबवतात आणि वर त्याला 'हॉबी' म्हणतात, तेव्हा माझ्यातला कॉमर्सचा पदवीधर खडबडून जागा होतो. (एरवी तो कामाच्या वेळात निजलेला असतो, असं आमच्या मॅनेजरांचं मत आहे.)

आपल्याकडे हा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निकालात काढलेला आहे. भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. तो पिंजऱ्यात ठेवाल तर स्वतः पिंजऱ्यात जाल. पण माझा भाचा टेक्सासात असतो. त्याच्या लग्नाला तीन वर्षं झाली, आणि आमची ताई दर फोनला 'काही गोड बातमी?' असं विचारते. परवा त्याचा मला फोन आला. "मामा, गोड बातमी आहे. सहा आहेत!" मी खुर्ची धरली. मग कळलं, त्याच्या 'बॉल पायथन'च्या मादीने अंडी घातली होती. हा पश्चिम आफ्रिकेतला तीन-चार फुटी अजगर. भ्याला की चेंडूसारखा गोळा होतो म्हणून बॉल. स्वभावाने इतका गरीब की आमच्या कॅश काउंटरवर बसवला तर पब्लिकच त्याला चावेल.

"पहिल्यांदाच उबवतोय मामा, फार टेन्शन आहे," भाचा म्हणाला, आणि त्याने मला अर्धा तास उबवणीचं शास्त्र सांगितलं. शास्त्र खरंच छान आहे. अंडी कोंबडीसारखी टणक नसतात, चामड्यासारखी मऊ असतात आणि एकमेकांना चिकटलेली असतात. कोंबडीचं अंडं फिरवत राहावं लागतं. इथे उलट. अंडं जसं पडलं तसंच राहिलं पाहिजे, कारण आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला धरून असतो, उलटलं तर गुदमरायचा. म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलीने फुली मारायची. अंधारात टॉर्च लावून पाहायचं, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं जिवंत. मग डब्यात वर्मीक्युलाइट नावाचा भुसभुशीत खनिज चुरा ओलसर करून पसरायचा, त्यावर अंडी, आणि तो डबा थर्मोस्टॅट लावलेल्या पेटीत. उष्णता ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, हवा भरपूर दमट. पंचावन्न ते साठ दिवसांनी पिल्लू नाकाच्या टोकावरच्या इवल्याशा दाताने कवच फाडतं, डोकं बाहेर काढतं, आणि उरलेला बलक अंगात मुरेपर्यंत एखाद-दोन दिवस तसंच जगाकडे बघत बसतं. आमच्याकडे नवा माणूस नोकरीला लागला की पहिले दोन दिवस असाच बसतो.

माझं भांडण या शास्त्राशी नाही. भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी. "मामा, मी उबवणार आहे." अरे, तू कोण उबवणारा? उबवणार थर्मोस्टॅट! आणि तो येण्याआधी लाखो वर्षं हे काम अंड्यांची आई बिनपगारी करत आली आहे. लामार-पिको नावाच्या एका फ्रेंच प्रवाशाने १८३० च्या दशकात पॅरिसच्या विद्वानांना सांगितलं की हिंदुस्थानातला अजगर अंड्यांवर बसून ती उबवतो. थंड रक्ताचा प्राणी ऊब देईल कशी, म्हणून विद्वानांनी त्याला उडवून लावलं. पुढे १८४१ साली पॅरिसमध्येच एक मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली, वालांसियेन यांनी त्या वेटोळ्यात थर्मामीटर घातला, आणि पारा खोलीतल्या हवेच्या वर गेला. १९६६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्यामागचं कारणही मोजून दाखवलं. भारतीय अजगराची मादी स्नायू आखडते, सोडते, हुडहुडी भरल्यासारखी थरथरते आणि अंग सहा-सात अंशांनी तापवते. गारवा वाढला की थरथर वाढवते. भाच्याची आफ्रिकन मादी थरथरत नाही, पण वेटोळं घट्ट ठेवून अंड्यांतला ओलावा राखते, आणि त्या दोन महिन्यांत बहुधा उपाशी असते.

आता या आईचं काय करतात? तिचं वेटोळं हळूहळू उलगडून अंडी काढून घेतात आणि मग तिला आंघोळ घालतात! पिंजऱ्यातलं अंथरूणही बदलतात. का? तर अंगाला अंड्यांचा वास राहिला तर ती रिकाम्या जागेभोवतीच वेटोळं घालून बसते, जेवत नाही. वास गेला की विसरते, खाते, वजन धरते आणि पुढच्या मोसमाला तयार होते. भाचा म्हणतो, यात तिचंच भलं आहे, उपास लवकर सुटतो, आणि पेटीत अंडी जास्त सुरक्षित. असेल. पहिला मुद्दा मी मान्यही करतो. पण ज्या घरात आईला अंडी राखण्याइतकी ऊब नि दमटपणा देता येत नाही, त्या घरात आधी आई आणायची घाई काय होती?

आता हिशेब करू. मादीने दर वर्षी सहा अंडी घातली आणि सगळी उबली असं धरा. त्यांत तीन लेकी. लेक तिसऱ्या वर्षी अंड्यावर येते. म्हणजे चौथ्या मोसमापर्यंत आईची चोवीस आणि तीन लेकींची अठरा, एकूण बेचाळीस. याला आमच्याकडे चक्रवाढ म्हणतात. फरक इतकाच की व्याज उंदीर खात नाही. लहान पिल्लाला आठवड्याला एक उंदीर लागतो. बेचाळीस गुणिले बावन्न, म्हणजे वर्षाला २,१८४ उंदीर. मोठे साप जरा सावकाश जेवतात म्हणून एकशे चौऱ्याऐंशीची सूट देतो. उरलेले दोन हजार भाच्याच्या फ्रीझरात, ताईने पाठवलेल्या पुरणपोळ्यांच्या शेजारी. गणपतीला तो फोटोपुढे कोणत्या तोंडाने मोदक ठेवणार?

"विकणार ना मामा!" हे त्याचं उत्तर. १९९२ साली अमेरिकेत पहिल्यांदा पिंजऱ्यातल्या जोडीपासून पांढरी-पिवळी 'अल्बिनो' पिल्लं निघाली, तेव्हा एकेकाचा भाव हजारो डॉलर होता. मग प्रत्येकाने तीच उबवली. आज तशीच पिल्लं त्या किमतीच्या किरकोळ भागात मिळतात. सगळ्यांनीच नोटा छापल्यावर नोटेचं काय होतं, हे बँकेतल्या शिपायालाही ठाऊक असतं. म्हणून मग नवा रंग, नवी नक्षी. 'स्पायडर' नावाची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी निघाली. तिच्यासोबत एक खोटही येते. आतल्या कानाची घडण बिघडलेली, डोकं डगमगतं, भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो. हे कळूनही ती पैदास वर्षानुवर्षं चालू राहिली, कारण नक्षीला गिऱ्हाईक होतं. इथे मात्र मला विनोद सुचत नाही. पाठीवरच्या नक्षीसाठी ज्याला सरळ बघता येत नाही असा जीव मुद्दाम जन्माला घालणं, याला छंद म्हणायला माझी जीभ वळत नाही.

घरी पैदास झाली तर घाना, टोगो, बेनिनच्या रानांतून कमी साप धरले जातील, असा एक युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे. त्या देशांतून आजवर लाखो गेले. पण घरातल्या पिल्लांनी दुकानं तुडुंब भरल्यावर नकोशी झालेली कुठे जातात? फ्लोरिडाला विचारा. तिथल्या दलदलीत पाळीव व्यापारातून आलेले, सुटलेले, सोडून दिलेले बर्मी अजगर इतके माजले की २०१२ साली अमेरिकन सरकारला त्यांची आयात बंद करावी लागली. भाच्याचा साप तसा दांडगा नाही, पण कंटाळणारा माणूस तोच आहे.

आणि मुदत! पाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० साली, वयाच्या बासष्टीच्या आसपास, सात अंडी घातली. तीही निदान पंधरा वर्षं नराचं तोंड न बघता. आमच्याकडे बासष्टाव्या वर्षी माणूस हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभा असतो. साधी पाच वर्षांची मुदत ठेव ठेवायला या, तर आम्ही विचारतो, वारस कोण? तीस वर्षांच्या जिवंत ठेवीला हा प्रश्न कोणी विचारत नाही. छंदिष्टांच्या चर्चा पारा किती, ओलावा किती, शिरा दिसल्या का, इथवरच येऊन थांबतात. साठाव्या दिवशी टाळ्या पडतात. एकसष्टाव्या दिवसाबद्दल कोणी बोलत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. नर नि मादी एका पिंजऱ्यात सोडण्याआधी कागद घ्या, त्यावर सहा नावं लिहा, सहा पत्ते लिहा आणि प्रत्येकापुढे तीस वर्षांच्या हमीची सही घ्या. जितक्या सह्या कमी पडतील तितकी पिल्लं तुमची, तुमच्याच घरात, तुमच्याच खर्चाने. ते जमणार नसेल तर नराला वेगळं ठेवा. त्याला कसलीही तक्रार नसते, तो महिनोन् महिने न जेवताही मजेत असतो. भाच्याला मी हेच कळवलं आहे. आत्ताची सहा अंडी नीट उबव, सहाही सांभाळ आणि खातं तिथेच बंद कर. त्याचं उत्तर आलेलं नाही. मी दोन दिवस थांबणार आहे, आणि मग वारसाचा कोरा फॉर्म पाठवणार आहे. सहा प्रतींत.